तीन शब्दांची जागा

रूथमावशी, आणि एवढ्या बर्फातून ड्राइव्ह करून इथे ईडन प्रेरीला आलेल्या काका-काकूंनो,

मला बोलायला सांगू नका, असं मी काल फोनवर म्हणाले होते. मावशी म्हणाल्या, "तूच बोल." का, ते मला माहीत आहे. म्हणून आज नुसतं गोड बोलणार नाही.

मावशी, तुमचे यजमान, आपल्या सगळ्यांचे सॅम्सनकाका, जाऊन आठ दिवस झाले. अलिबागकडचे मराठी ज्यू, रिटायर्ड इंजिनियर. गणपतीत पार्किंगमध्ये उभं राहून गाड्या कोण लावून द्यायचं? काका. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलायचं? काका.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्यांना आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून दिलंत. मी सेक्रेटरी, शपथेचा कागद माझ्या हातात. माझ्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आमच्याकडे छापील कागद आला की बाबा आधी हात पुसायचे. छापलेलं मोडायचं नाही, एवढंच मी शिकले होते.

शपथेची सुरुवात आहे, 'श्रीगणेशाला साक्ष ठेवून'. काका त्या तीन शब्दांना गप्प राहिले. पुढचं सगळं त्यांनी खणखणीत म्हटलं. मी म्हणाले, "काका, पूर्ण म्हणा ना."

मागून कोणीतरी ओरडलं, "मोदक चालतात, गणपती चालत नाही का हो?"

सगळे हसले. मीही हसले.

काका म्हणाले, "अरे, मोदक मी खातोच. पण माझ्या देवाची साक्ष सोडून दुसरी कशी काढू? आमचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी, आमच्या देवाच्या वारी, बंद ठेवायचे. गावाने त्यांच्याकडून कधी शपथ मागितली नाही." मग कागद माझ्या हातात ठेवून ते पाचव्या रांगेत जाऊन बसले. शपथ अपुरी, म्हणून कार्यकारिणीत आपण त्यांना घेतलं नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही त्यांना पुन्हा निवडून दिलंत. पुन्हा तोच कागद, पुन्हा तीच पाचवी रांग. आणि कागद धरणारी पुन्हा मीच.

मग दिवाळी अंकासाठी त्यांनी एक लेख दिला. इंग्लंडच्या पार्लमेंटात एके काळी ज्यू माणूस निवडून आला तरी त्याला बसता येत नसे. शपथेत ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द होते, ते त्याच्या तोंडून निघत नसत. मतदार त्याला परत परत निवडून द्यायचे, तो शपथेच्या टेबलापर्यंत जाऊन परत यायचा. बाहेर व्यंगचित्रकार ज्यूंची लांब नाकं काढून लोकांना हसवायचे. काकांनी ती गंमत उलटी फिरवली होती. त्यांच्या लेखातल्या पार्लमेंटाचा दरवान प्रत्येकाला 'आ' करायला लावून बॅटरीने बघतो, शपथ घशाखाली उतरली की गालातच आहे. आणि त्या पार्लमेंटात चहा आपल्याच स्टीलच्या थर्मासातून येतो.

मी तो लेख परत केला. "काका, लोक दुखावतील. निदान तो थर्मास तरी काढा, आपलं मंडळ लगेच ओळखू येतं."

ते म्हणाले, "अगं, दुखावलेलं माणूस आहेच की. एकटंच आहे, म्हणून कोणी मोजत नाही."

"पुढच्या अंकात नक्की बघू."

"पुढच्या? बघ बाई, मी सत्त्याहत्तरचा आहे."

मला तो विनोद वाटला.

परवा मावशींनी तो लेख माझ्या हातात दिला. कोपऱ्यात काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'सेक्रेटरीबाईंनी सांगितल्याप्रमाणे थर्मास काढून टाकला.' त्यांनी आपला सगळ्यात चांगला विनोद खोडला होता. माझ्यासाठी. आणि मी तो लेख पुन्हा कधी मागितलाच नाही.

त्या इंग्रजांना शेवटी काय करावं लागलं? ते शब्द न म्हणता त्याला आत येऊ द्यावं लागलं. पार्लमेंट कोसळलं नाही. आपलं मंडळ कोसळलं असतं का?

लेख मी छापणार आहे, थर्मासासकट. पुढच्या महिन्यातल्या सभेत ते तीन शब्द काढायचा ठराव मी मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी खुशाल बोलावं, पण माझ्या तोंडावर बोलावं. काकांना ते कळणार नाही. माफी मागायला मला उशीर झाला. मावशी, तुमच्यासमोर मागते.

आता कृपया उभे राहा. कोणतंही स्तोत्र नको, मंत्र नको. त्या तीन शब्दांच्या जागी काका दोन वर्षं एकटे गप्प उभे राहिले. आज आपण सगळे राहू या.