दुपारी दोनचा पारा

थांबा ताई, वही लगेच पिशवीत टाकू नका — अन् परत एकदा सांगा. माझ्या अंगणात स्टेशनापेक्षा चार अंश कमी? अख्ख्या भुसावळात तुमच्या विद्यापीठानं तापमान मोजायच्या सहा पेट्या ठेवल्या, अन् सगळ्यांत थंड माझी? आणि ते या निंबामुळे, असं तुम्ही परवा पुण्याच्या सभेत वाचणार — शहरात झाडं लावा म्हणून. चांगलंय. लावावीत. पण चौथी शिकलेल्या रेल्वेच्या गँगमनचे आकडे तिथं मोठ्या लोकांपुढं — पाणी घ्या ना. आज घोटभरसुद्धा घेतलं नाही तुम्ही.

मी सावकाश बोलतो, तुम्हाला ठाऊक आहे. दर शनिवारी तुम्ही येता, ह्या खाटेवर बसता. मी शुक्रवारीच अंगण झाडून ठेवतो. शेजारचे तोताराम नाना चिडवतात, "काय उखर्डूभाऊ, पेटीला नैवेद्य दाखवला का?" दाखवा म्हणावं तुम्हीच. तर — पेटी राहील ना हो इथं? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत? बरं. मग सांगतो. नाही, राहणार नसली तरी सांगायला पाहिजे. एप्रिलपासून मी पेटीवर ओलं गोणपाट टाकत होतो. रोज. अकराला टाकायचं, वाळलं की परत भिजवायचं. — आकडे खोटे नाहीत ताई! दोन वाजता गोणपाट काढूनच पारा वाचायचो, लबाडी नको म्हणून. पारा काचेच्या आत, त्याला बाहेरच्या ओलीचं काय कळणार, असं वाटायचं मला. आत्ता तुमचा चेहरा बघून समजलं.

का टाकलं? काच तडकेल म्हणून — नाही, तसं नाही. काच तडकत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी बायको, भिकुबाई — ब्याऐंशीचा मे महिना. सकाळपासून अंग तापलेलं. मी म्हटलं, रजा टाकतो. तर म्हणे, "जा तुम्ही, मी बरी शे." शिरपूरकडची ती, शेवटपर्यंत तशीच बोलली. अन् मी गेलो, बोदवडच्या बाजूला, रुळावर. संध्याकाळी आलो, तर ती गेलेली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. डोक्यावर ओलं फडकं ठेवायला कोणी असतं, तर — एवढंच म्हणाले. मग बारा वर्षांनी तुमची ही पेटी आली. दुपारी निंबाची सावली सरकते अन् ती पांढरी पेटी भर उन्हात एकटी उभी. मला बघवेना.

तेव्हा माझे आकडे खोडा. पुण्यात वाचू नका. कोणी उद्या तुम्हाला खोटं म्हणायला नको. पेटी पलीकडच्या मंदाबाईंच्या अंगणात हलवा, त्या शिकलेल्या आहेत, नीट लिहितील. मीच नेऊन ठेवतो, जड नाही ती. — अशा बघू नका हो. माझं काय? शनिवारी मला तसंही काम असतं. पुष्कळ काम असतं. उठा, पाचची गाडी जाईल तुमची. उठा ताई.