पेटीत केलेली नक्कल

आमचं गाव गंगापूरकडचं, पन्नासएक उंबऱ्यांचं, त्यातली वीस-बावीस घरं ख्रिस्ती, अन् माझा बाप मिशनच्या बंगल्यावर फादरांचा स्वयंपाकी, पण गावात त्याला ओळखायचे ते स्वयंपाकासाठी नाय, नकलांसाठी. निजामाच्या राजवटीत आमच्याकडं एक तहसीलदार होता म्हणं, तो घोड्यावरनं आला की अख्खं गाव उठून उभं राहायचं. पोलीस ॲक्शन झाली, तहसीलदार गेला, अन् दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बापानं चावडीसमोर डोक्यावर पातेलं उपडं घालून त्याची नक्कल केली, ते खाकरणं, ते कौन है रे उधर, ते मिशीला पीळ देणं, आणि लोक इतके हसले की रडायला लागले. मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो, मी त्यानंतर बारा वर्षांनी, पण बापाकडून ती नक्कल मी उचलली आहे, तहसीलदार कधी पाहिला नाय तरी आत्ता उठून तुम्हाला करून दाखवीन. तर हे असं रक्तातच आलेलं. फरक एवढाच, बापानं ज्याची भीती वाटायची त्याची नक्कल केली, आणि मी... ते सांगतो, आधी चहा घ्या, गार होतोय.

मी नऊ वर्षांचा असताना बाप गेला, आई त्याच्या आधीच गेलेली. माझी थोरली बहीण मार्थाअक्का, तिच्या लग्नाला पुरतं वर्षसुद्धा झालं नव्हतं, तिच्या घरी मला आणून सोडलं, इथं गारखेड्यात. तेव्हाचा गारखेडा वेगळा, घरं कमी अन् ज्वारीची वावरं जास्त. नव्या नवरीच्या घरात नऊ वर्षांचा भाऊ येऊन पडला तर कोणाला आवडेल? पण दाजींनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, मला दारात पाहिलं, हातातलं गाठोडं घेतलं अन् म्हणाले, पास्कल, ये. एवढंच. आणि एवढं म्हणायलाही त्यांना लई वेळ लागला, कारण दाजींची जीभ अडते. सगळीकडं नाय, प आला, ब आला, म आला की ओठ मिटतात ते उघडतच नाहीत, मान एका बाजूला कलते, डावा डोळा मिटतो, अन् मग शब्द असा एकदम बाहेर उडतो, बाटलीचं बूच उडावं तसा. त्यात माझं नाव पास्कल. दिवसातून दहादा त्या माणसाला माझ्यासाठी ते बूच उडवावं लागायचं, अन् तो उडवायचा, कंटाळा नाय की चिडणं नाय. त्यांनी मला सायकल शिकवली, गणितं शिकवली, टायफॉइड झाला तेव्हा कामावर खाडा करून अकरा दिवस माझ्या उशाशी बसले. आणि मी काय केलं? मी त्यांची ती मान, तो डोळा, ते बूच, सगळं बसल्या जागी शिकून घेतलं.

पुढं मी गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात लागलो, सेल्समन. आता तुम्ही म्हणाल साडी दाखवण्यात काय मोठं, पण साडी नुसती उघडायची नसते हो, ती गादीवर अशी फेकायची असते की पदर बरोबर बाईच्या गुडघ्यापुढं येऊन थांबला पाहिजे अन् बाईच्या तोंडून अगं बाई निघालं पाहिजे. ते मला जमायचं. आणि गिऱ्हाईक नसलं, दुपारचं सगळे जांभया देत बसले, की शेठजी गादीवरनं म्हणायचे, पास्कल, आयटम होऊन जाऊ दे. मग मी तहसीलदार करायचो, घासाघीस करणारी बाई करायचो, हिंमत आली तर खुद्द शेठजी करायचो, पण शेवटी सगळे म्हणायचे, दाजी कर, दाजी. दाजी केल्याशिवाय खेळ संपायचाच नाय. शेठजी पोट धरून लोळायचे. एकटे रशीदभाई हसायचे नाहीत, आमच्यातले सगळ्यात जुने सेल्समन, ते कापडाचं थान गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, जिनो तेरेकू पाले, उनोंकीच नकल उतारता क्या रे? अन् मी काय करायचो माहितंय, लगेच रशीदभाईंची नक्कल करायचो. थान गुंडाळत.

आता आमच्यात पापनिवेदन असतं, तुम्हाला माहीत असेल नसेल म्हणून सांगतो. चर्चच्या एका कडेला लाकडाची पेटी असते, कपाटाएवढी, मधे जाळी, पलीकडं फादर बसतात, अलीकडं आपण गुडघे टेकायचे, पापं सांगायची, पुन्हा करणार नाही म्हणायचं. फादर देवाच्या नावानं माफी देतात अन् प्रायश्चित्त म्हणून थोडी प्रार्थना म्हणायला लावतात. मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जायचो, अक्काची शिस्तच होती तशी. आणि माझी पापं कायम तीन. खोटं बोललो, शिव्या दिल्या, लोकांची टिंगल केली. दर महिन्याला तीच तीन, त्याच क्रमानं. तिथं एक म्हातारे फादर होते, लांबच्या देशातून तरणेबांड आलेले अन् इथंच पिकलेले, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा गावरान. एकदा मी गुडघे टेकून तोंड उघडतो तोच जाळीतून म्हणाले, थांब गड्या, तुझी पापं मला पाठ झाली, आज मी म्हणतो, तू नुसतं व्हय म्हण. आणि खरंच म्हणाले, तीनही, क्रमानं. मी तीनदा व्हय म्हणालो. मग म्हणाले, हे बघ पास्कल, तू इथं अंघोळीला येतोस, रोज मळायचं अन् महिन्यानं अंघोळ, पण मळायचं कमी करावं हे काय तुझ्या डोक्यात येत नाही. मी बाहेर येऊन प्रायश्चित्ताची नमो मरियेची प्रार्थना तीनदा म्हणालो अन् दुसऱ्या दिवशी दुकानात म्हाताऱ्या फादरांचा आयटम केला. जाळीसकट. दोन्ही हातांची बोटं अशी आडवी-उभी डोळ्यांपुढं धरायची, जाळी झाली.

आता खरं सांगायचं ते.

त्या वर्षी चर्चच्या सणाला मिस्सेत, म्हणजे आमच्या मोठ्या उपासनेत, वाचन करायला दाजींना सांगितलं होतं. दाजी तेव्हा चितेगावच्या कंपनीत फिटर होते, चर्चचा पंखा असो, घंटा असो, दुरुस्तीला दाजीच. पण आल्तारासमोर, वेदीपुढं, उभं राहून पवित्र शास्त्रातलं वाचायचं, शेदोनशे माणसांपुढं, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं, अन् त्यांनीही कधी मागितलं नव्हतं. अक्का म्हणाली, त्यांनी दोन दिवस विचार केला, तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. मग महिनाभर रोज सकाळी कामावर जायच्या आधी आरशासमोर उभं राहून वाचायचे. कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं होतं, जिथं अडतं तिथं पेन्सिलीची खूण, तिथं श्वास घ्यायचा. मधे पत्र्याची भिंत, पलीकडं मी अंथरुणात. संत पौलाच्या पत्रातून घेतलेलं वाचन, अशी सुरुवात. रोज ऐकायचो. महिन्याच्या शेवटाला ते जवळजवळ न अडता वाचत होते, आणि मला, देव साक्षी आहे, मला आनंद नाय झाला. मला पहिल्या आठवड्यातलंच वाचन आवडत होतं. ते मी उचललं होतं ना.

सणाच्या आदल्या पहिल्या शुक्रवारी मी पापनिवेदनाला गेलो, लवकर, माझ्यामागं रांगेत कोणी नव्हतं. म्हातारे फादर आजारी, पेटीत नवे फादर, कोवळे, नुकतीच दीक्षा झालेले. मी तीन पापं सांगितली. ते म्हणाले, टिंगल म्हणजे नक्की काय करता? मी म्हणालो, नकला. म्हणाले, त्यानं त्या माणसाला दुःख होतं का? साधा प्रश्न होता हो. हो किंवा नाही, संपलं. पण मला वाटलं यांना कळलं नाय. त्यांनी, कसं करता ते दाखवा, असंच विचारल्यासारखं माझ्या कानाला ऐकू आलं, मी पुरता कलाकार झालो, गुडघ्यावर सरळ झालो, मान कलती केली, डोळा मिटला अन् त्या काळोख्या पेटीत सुरू केलं, संत प... प... प... प... आणि असं बूच उडवलं पौलाचं की जाळीपलीकडं फादर फिस्सकन हसले. लगेच गप्प झाले, बहुतेक तोंडावर हात ठेवला असेल, पण हसले ते हसलेच. आणि मी? मला वाटलं, जिंकलं. पुढचं वाक्यही केलं.

मग ठरलेलं सगळं झालं, माफी झाली, मी पडदा सारून बाहेर आलो. तर पेटीला लागून जो बाक आहे, त्याच्यावर दाजी. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात तो घडी केलेला कागद, पेन्सिलीच्या खुणांचा. त्यांचा नंबर माझ्यानंतर. मी उभा, ते बसलेले, अन् त्यांची मान कलली नव्हती की डोळा मिटला नव्हता, ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत होते, तोंड म्हणजे हे, ओठ. मग उठले, पेटीत गेले नाहीत, दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण केली अन् सायकल घेऊन गेले. सणाला वाचन दुसऱ्या कोणी केलं. दाजींनी घसा बसलाय म्हणून निरोप पाठवला. त्यानंतर चर्चच्या लोकांनी कित्येकदा विचारलं त्यांना, आजतागायत दाजींनी चर्चमधे वाचलेलं नाय.

आणि काय सांगू तुम्हाला, आत्ता मी प... प... केलं तेव्हा तुम्ही हसलात. नाय म्हणू नका, मी पाहिलं, मी बघतच असतो कोण हसतंय ते. आणि तुम्ही हसलात तेव्हा मला बरं वाटलं. पंचवीसएक वर्षं झाली, दर पहिल्या शुक्रवारी सांगतोय, आणि आज तुम्हाला लाज सांगायला बसलो तरी आधी आयटम केला. आता कळलं ना, तीच तीच पापं पुन्हा का सांगावी लागतात ते.

म्हातारे फादर बरे होऊन आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाची माफी मी तुला देतो, ती माझ्याकडं आहे. दाजींची माझ्याकडं नाही, ती त्यांच्याकडून आण. मी व्हय म्हणालो अन् गेलो नाय. पुढच्या महिन्यात सांगितलं, फादर, अजून गेलो नाय. त्याच्या पुढच्या महिन्यात, अजून गेलो नाय. असं वर्षभर. तीन पापांची चार झाली. एकाच घरात राहतोय बघा, पत्र्याच्या भिंतीच्या अलीकडं पलीकडं, आणि चर्चपर्यंत सायकल मारत जाऊन तिसऱ्याच माणसाला सांगतोय. कारण पेटीत सोपं आहे हो. अंधार असतो, जाळीच्या पलीकडं नुसता कान असतो. दाजींना डोळे होते.

शेवटी गेलो. रविवारची दुपार, दाजी अंगणात स्टोव्ह उघडून बसले होते, पुढ्यात वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडलेले. मी समोर उभा राहिलो. वाक्य ठरवून आलो होतो, दाजी, मला माफ करा, मी चुकलो. साडी फेकावी तसं सरळ टाकायचं अन् मोकळं व्हायचं. आणि तोंड उघडलं तर म निघेना. म... म... म... ओठ मिटले ते उघडेनात, लाजेनं मान एकीकडं वळली, डोळ्यात पाणी आलं म्हणून डोळा मिटला. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ खरोखर अडली होती, आणि ज्या माणसापुढं अडली त्याला ती नक्कल वाटली. दुसरं काय वाटणार? दाजींनी हातातली पिन खाली ठेवली. म्हणाले, अजून हौस फिटली नाही का रे तुझी? सरळ. कुठं न अडता. मी त्यांचं अख्खं वाक्य न अडता ऐकलेलं ते पहिलंच. उठून आत गेले. अक्का ओट्यावर उभी होती, तिनं सगळं पाहिलं, अन् ती मला म्हणाली, पास्कू, तू आता दुसरीकडं खोली बघ. रडत म्हणाली, पण म्हणाली.

मी खोली घेतली, लग्न केलं, लेकरं झाली, सगळ्याला दाजी आले, उभे राहिले, आशीर्वाद दिला, डोक्यावर हात ठेवून. बोलणं मात्र, ये, जा, चहा घे. ओठ मिटावे लागणार नाहीत असे शब्द. लोकांना वाटायचं दाजी पास्कलपुढं चांगले बोलतात, अडखळत नाहीत. शेजाऱ्याशी फाटकात अर्धा अर्धा तास अडखळत मेथीची जुडी ते निवडणूक सगळं बोलायचे, मी आलो की मिटले. मला हाकसुद्धा नाय मारायचे, अरे म्हणायचे. माझं नाव त्यांनी माझ्यापुढं सोडूनच दिलं. नवे फादर, तेव्हाचे कोवळे, आता तेही पिकले, ते पेटीत मला म्हणतात, पास्कल, हे पाप देवानं केव्हाच पुसलं, त्या दिवशी तर मीही हसलो होतो, माझंही पुसलं, तू पुन्हा पुन्हा का आणतोस? मी म्हणतो, फादर, देवाच्या वहीत पुसलं असेल, गारखेड्यात नाय.

दाजी आता थकलेत, चर्चला येववत नाय. मी पहिल्या शुक्रवारी मिस्सा झाली की जातो, खाटेशी बसतो, त्या दिवशीचं वाचन त्यांना वाचून दाखवतो. साधं वाचतो. आवाज लावत नाय, हात हलवत नाय, तुम्हाला खोटं वाटेल, पण या जगात तेवढी एक जागा आहे जिथं मी काही करत नाय. ते डोळे मिटून ऐकतात. झालं की मान हलवतात, मी निघतो.

या महिन्यात असाच निघालो. चपला घातल्या, उंबरठ्यावर आलो. माझी पिशवी खाटेजवळ राहिली होती. अक्का तिथंच होती, दाजींना नुसतं बोट दाखवता आलं असतं, अरे म्हणता आलं असतं. त्यांनी मला नावानं हाक मारली. आणि म्हणाले, पिशवी राहिली. त्याला किती वेळ लागला सांगता येणार नाय, मी दाराकडं तोंड करून उभा राहिलो, नाव पुरं होईपर्यंत मागं वळलो नाय, मधेच वळलो असतो तर त्यांना वाटलं असतं घाई केली. पुरं झालं तेव्हा वळलो, पिशवी घेतली, म्हणालो, येतो दाजी.

ती हाक कशी होती म्हणता? तहसीलदार करून दाखवतो, शेठजी करतो, म्हणाल तर म्हातारे फादर जाळीसकट करतो. ती करणार नाय. देव तुमचं भलं करो, आता चहा पुरा करा.