सात नंबरचं पाकीट

मी, वय वर्षे ४१, धंदा नोकरी (प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक), राहणार प्रयोगशाळेमागची वसाहत, खोली चौदा, आज शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

वरील खोलीत मी, माझी आई आणि थोरला भाऊ असे तिघं राहतो. भावाला मी दादा म्हणते. वय ४६, लग्न झालेलं नाही. तो आमच्या प्रयोगशाळेसाठी कंत्राटावर डोंगरात फिरून रानसशांच्या लेंड्या गोळा करतो. मंगळवारी सकाळी सहाला तो घरातून गेला, तो अद्याप परत आलेला नाही.

लेंड्या कशासाठी, असं विचारल्यावरून सांगते की, आमच्या भागात सशांच्या दोन जाती आहेत. माळससा सगळीकडे सापडतो. कडाससा फक्त कड्याच्या कपारीत राहतो आणि फार थोडे उरलेत. दोन्ही दिसायला सारखे, लेंड्याही सारख्याच. लेंडीला सशाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यातलं जनुक वाचलं की जात कळते. आम्ही वाचतो ते जनुक आईकडून पिल्लांना जसंच्या तसं येतं, माणसांतही तसंच. हे काम मी एकोणीस वर्षं करते.

मागच्या महिन्यात दादाने वरच्या कड्यावरून सात ठिकाणच्या लेंड्या आणल्या. सातही कडाससे निघाले. त्या कड्यावर दगडखाणीसाठी परवानगी मागितलेली आहे. कडाससा असला तर ती मिळत नाही.

अहवाल जायच्या आधी खाणीचे व्यवस्थापक प्रयोगशाळेत आले. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ताई, लेंडी ती लेंडी. तिला कसली आलीय जात?" मी म्हणाले, मशीन सांगतं ते मी लिहिते. ते हसले. उठताना म्हणाले, "तुमचे भाऊ एकटेच फिरतात ना वर? दगड सुटे आहेत तिथे. जपायला सांगा."

मी हे घरी सांगितलं. दादा म्हणाला, "बराच काळजीवाहू माणूस दिसतो." आम्ही दोघं हसलो. आई, काय झालं, काय झालं, म्हणून विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुखांनी त्याच सात जागांचे नमुने पुन्हा आणायला सांगितले. कारण दिलं नाही. दादा त्यासाठीच मंगळवारी गेला होता.

बुधवारी सकाळी नऊला मी प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला गेले तेव्हा नमुन्यांची पेटी पायरीवर होती. दादा पेटी कधी अशी ठेवून जात नाही. हातात देतो आणि वहीत सही करतो. त्याचा फोन बंद लागत होता. मी दुपारी या ठाण्यात आले होते. मोठा माणूस आहे, येईल दोन दिवसांत, असं मला सांगण्यात आलं.

पेटीत सात कागदी पाकिटं होती. वरचं अक्षर दादाचं. शुक्रवारी दुपारी निकाल आला. सातही माळससे. पाकिटं दादाची होती, आतल्या लेंड्या त्या कड्यावरच्या नव्हत्या.

सात नंबरच्या पाकिटाच्या घडीत वाळलेलं रक्त होतं. मी ते सशाचं धरून चालले. सशाची तपासणी त्यावर चालली नाही. माणसाची लावली, ती चालली. नमुन्याला आमच्यापैकी कोणाचा हात लागला तर कळावं म्हणून कंत्राटी माणसं सोडून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या त्याच जनुकाची नोंद ठेवलेली असते. निकाल माझ्या नोंदीशी जुळला.

प्रमुख म्हणाले, "तुमचंच आहे. हात कापला असेल." मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "विषय वाढवू नका. घरी आई आहे तुमची."

मी थांबून आणखी एक तपासणी केली. रक्त पुरुषाचं आहे. म्हणजे माझं नाही. पण ज्याचं आहे, त्याच्याकडे ते जनुक माझ्या आईच्या वंशातून आलेलं आहे. आईला भावंडं नव्हती. तिला आम्ही दोनच मुलं.

दादाचं कोणाशी भांडण होतं का, तो दारू पितो का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. कपारीत पिल्लं असली तर तो लांबून वळसा घालून जातो.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवते. सकाळी मी ते धुते.

त्या रक्ताचा अर्धा भाग मी आज ठाण्यात हजर करत आहे. उरलेला अर्धा कुठे आहे ते मी सांगणार नाही. का, असं विचारल्यावरून सांगते की, मी आले तेव्हा खाणीचे व्यवस्थापक ठाण्याच्या साहेबांच्या खोलीत चहा पीत होते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी ऐकला. तीन ठिकाणी मी 'रक्त' म्हणाले होते, तिथे 'डाग' असं लिहिलेलं होतं. मी सही करायचं नाकारल्यावर ते तिन्ही ठिकाणी दुरुस्त केलं. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.