दहाव्याला आलेली जाहिरात

चूक काकांची होती, हे आधीच सांगतो. वयाला मान देऊन कुणी त्यांची बाजू घेऊ नका.

कॉलेज सोडल्यावर मी त्यांच्या औरंगपुऱ्यातल्या साडीच्या दुकानाचं इन्स्टा सांभाळायचो; पासवर्ड काकांकडंही होता. रीलमध्ये आमचे सेल्समन विलासभाऊ स्वतःच्या खांद्यावर पदर घेऊन साडी दाखवायचे. बायका सिल्लोडहून येऊन विचारायच्या, "ते रीलवाले भाऊ कुठंयत?" मला धंदा शिकवला तो त्यांनीच, काकांनी नाय.

विलासभाऊंची आई वारली. दहाव्याला आम्ही त्यांच्या गावी गेलो. मुंडण झाल्या झाल्या काकांनी टोपी-टॉवेलचा आहेर दुकानाच्या पिशवीतून त्यांच्या हातात दिला आणि फोटो काढला. मला वाटलं, आठवण म्हणून असेल.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात एकेकाचा मोबाईल वाजायला लागला. दुकानाची प्रत्येक पोस्ट कामगारांनी गावच्या ग्रुपवर टाकायची, हा काकांचाच नियम. दुकानातली दोन पोरं याच गावची होती, त्यांनी तो इमानदारीनं पाळला.

विलासभाऊंनी मोबाईल उघडला. त्यांचंच मुंडण केलेलं डोकं, हातात आमची पिशवी, आणि खाली ओळ: 'दुखवट्याचा आहेर, होलसेल भावात.'



"हे कुणी टाकलं?" विलासभाऊंनी विचारलं.

काका म्हणाले, "मला कुठं येतं बाबा मोबाईलमधलं? सगळं हे पोरगंच बघतं."

मी तिथंच आईची शपथ घेतली. कुणी ऐकलं नाय.

विलासभाऊ आता समोरच्या दुकानात साड्या दाखवतात. माझ्याशी बोलत नाहीत.