टाकीच्या जोडात राहिलेलं ॲसिड

कमलवहिनी, प्रज्ञा, सरांच्या शाळेतले सहकारी, त्यांचे विद्यार्थी, कन्नडहून आलेले पाहुणे, आणि आमच्या रविवारच्या मंडळींनो,

मी दिनकर देशमुख. पाटबंधारे खात्यात होतो, आता निवृत्त आहे. इथंच उस्मानपुऱ्यात, खरात सरांच्या मागच्या गल्लीत राहतो. मला बोलायची सवय नाही. माझ्या आधी चौघं बोलले. सगळे सरांबद्दल चांगलं बोलले, आणि खरं तेच बोलले. मीही तसं बोलून खाली बसू शकलो असतो. घरून लिहूनसुद्धा आणलं होतं. तो कागद खिशातच राहू द्या.

मला आज माझ्याबद्दल सांगायचंय. शोकसभेत माणसानं स्वतःबद्दल बोलू नये, मला कळतं. पण वहिनींची परवानगी घेऊन बोलतोय. दोन मिनिटं जास्त लागली तर सांभाळून घ्या.

बऱ्याच जणांना सुधाकर खरात सर चित्रकलेचे शिक्षक म्हणून माहीत. निवृत्त झाल्यावर सरांनी घरामागं पत्र्याचं शेड उभं केलं आणि जुन्या मोटारसायकलींच्या टाक्या अन् मडगार्ड रंगवायला घेतली. छंद म्हणून. कुणाकडून काही घ्यायचं नाही. आम्ही पाच-सात निवृत्त माणसं रविवारी सकाळी तिथं जमायचो. कुणाची राजदूत, कुणाची स्कूटर, कुणाचं नुसतंच तोंड. चहा वहिनींचा.

माझ्या वडिलांची बुलेट पैठणजवळ आमच्या शेतातल्या गोठ्यात वीस वर्षं पडून होती. टाकीवर गंज, मडगार्डमध्ये कोंबड्या बसायच्या. टेम्पोत घालून ती सरांच्या दारात आणली. सरांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "होईल. पण माझी एक अट आहे. गाडी तुमच्या वडिलांची, तर मेहनतबी तुमचीच पाहिजे. मी शिकवतो. रंग आणि रेघ तेवढी मी मारीन."

मी आयुष्यभर टेबलामागं बसलेला माणूस. गावाकडं चार गडी हाताखाली. मला कुठं सवय? पण सरांनी बसवलं. जुना रंग खरवडायला लावला. घासायला लावलं. आधी जाड पॉलिशचा कागद, मग बारीक, मग पाण्यातला. मी म्हणायचो, "सर, झालं बघा, आरशासारखं झालं." सर म्हणायचे, "डोळे मिटा अन् हात फिरवा." डोळे मिटून हात फिरवला की बोटाला खड्डा लागायचाच. मग पुन्हा घासा. तीन महिने असं चाललं. माझ्या बायकोला वाटलं, यांना कुठंतरी नोकरी लागली.

लई चांगले दिवस होते ते. खरंच सांगतो.

मग एका शनिवारी ॲसिडचा दिवस आला. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. पत्र्याच्या खोलात बसलेला गंज घासून जात नाही. त्याला ॲसिड लावावं लागतं. पण ते ॲसिड पत्र्यावर राहिलं तर रंगाच्या खालून पत्रा खात बसतं. म्हणून ते सोड्याच्या पाण्यानं धुवून काढायचं, आणि टाकीला खाली जिथं दोन पत्रे जोडलेले असतात, त्या जोडात हवा मारून तो सुकवायचा. सगळं काम त्या जोडावर असतं.

त्याच शनिवारी कन्नडहून सरांना फोन आला. थोरली बहीण आजारी. सरांना निघावं लागलं. जाताना शेडच्या दारात उभं राहून मला सांगितलं, "देशमुख साहेब, तीन वेळा धुवा. सोडा घालून. जोडात हवा मारा. दिवसभर उन्हात ठेवा. घाई असली तर आज ॲसिड लावूच नका, मी आल्यावर बघू." मी म्हणालो, "तुम्ही बिनघोर जा."

मला त्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं. मी ॲसिड लावलं. नळाखाली टाकी एकदा धरली. फडक्यानं पुसली. सोड्याचा पुडा तसाच फळीवर राहिला. कपडे बदलून लग्नाला गेलो आणि चांगला जेवलो.

मंगळवारी सर परत आले. पहिला प्रश्न, "धुतलं का नीट?"

मी म्हणालो, "तीन वेळा."

"सोडा घालून?"

"घालून."

"जोडात हवा मारली?"

तेव्हा मी चिडलो. म्हणालो, "सर, मी काय तुमच्या वर्गातला पोरगा आहे का? मारली म्हणलं ना."

सर हसले. म्हणाले, "राग मानू नका. सवय आहे विचारायची." आणि त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून प्रायमर मारला.

पुढचं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. काळा रंग, सहा हात. आणि त्यावर सोनेरी रेघ. ती रेघ सरांनी चिकटपट्टी न लावता, नुसत्या ब्रशनं मारली. श्वास धरून, टाकीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एका दमात. आम्ही सगळे गप्प उभे होतो. रेघ पूर्ण झाल्यावर सरांनी श्वास सोडला आणि ते खाली बसून पाणी प्यायले. माझे वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी मला भरून आलं होतं.

जुन्या गाड्यांची फेरी निघाली, तेव्हा क्रांती चौकात पोरांनी माझ्या गाडीबरोबर फोटो काढले. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "सगळं मी घासलंय." तेवढं खरं होतं.

पावसाळा संपता संपता टाकीला खालून फोड आले. आधी तांदळाएवढे. मग चिंचोक्याएवढे. बरोबर जोडावरून सुरू झाले आणि वर रेघेपर्यंत पोचले. सोनेरी रेघ दोन ठिकाणी उचकटली.

एका रविवारी मी तशीच गाडी घेऊन शेडवर गेलो. सगळे होते. कुणीतरी विचारलं, "अरे, हे काय झालं?"

आता ऐका मी काय बोललो. शब्द न् शब्द सांगतो, कारण मला तो पाठ आहे. मी म्हणालो, "काय होणार? खालचा पत्रा नीट तयारच केला नव्हता. शेवटी सर पडले चित्रकलेचे मास्तर. कागदावर रंग मारणं वेगळं, पत्र्यावर वेगळं."

सर तिथंच होते. हातात बारीक कागद होता. दुसऱ्या कुणाचं तरी मडगार्ड घासत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, तीन वेळा धुतलं होतं ना? मी त्या प्रश्नाला तयारसुद्धा होतो. खोटं तयार ठेवलं होतं. पण सरांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "टाकी काढून इथं ठेवा. पुन्हा करू आपण."

मी म्हणालो, "नको. आता कारागिराकडंच देतो."

तेव्हा आमच्यातला एक जण बोलला. नाव घेत नाही, तो इथं बसलेला आहे, त्याला माहीत आहे. तो म्हणाला, "म्हणून सांगत असतो, काम द्यायचं ते माणूस बघून द्यावं. कोण कुठला, ते बघून."

त्याचा अर्थ काय होता? ज्याला कळायचा त्याला कळला. सरांना कळला. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वहिनींना कळला. मलाही कळला.

आणि मी हसलो.

मंडळी, मी बोललो ते खोटं होतं. पण मला जास्त लाज त्या हसण्याची वाटते. खोटं मी स्वतःला वाचवायला बोललो. हसलो कशासाठी? माझा शब्द तिथं लगेच खरा का मानला गेला? सर निष्काळजीपणा करतील याचं एकालाही नवल का वाटलं नाही? मी देशमुखाचा आणि ते खरात, याशिवाय दुसरं काही कारण मला सापडत नाही. ते कारण मला त्या क्षणी सोयीचं होतं. मी ते वापरलं.

पुढं काय झालं ते तुम्ही जाणता. दोघांनी आपापले सुटे भाग शेडमधून उचलून नेले. रविवार मोडला. आम्ही माझ्या अंगणात जमायला लागलो. सरांना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

टाकी एका कारागिराकडं दिली. त्यानं रंग काढला आणि मला बोलावून दाखवलं. जोडात पांढरट-हिरवी पूड बसली होती. म्हणाला, "साब, ये तेजाब है. किसीने धोयाच नहीं. ऊपर का काम तो एक नंबर था." मी विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "उंगली से देखो."

त्या दिवशी माझ्याकडं कुठलीच सबब राहिली नाही. तिथून सरांचं घर दहा मिनिटांवर. गाडी काढून जायचं, दार वाजवायचं, चार वाक्यं बोलायची. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. मग जितके दिवस गेले, तितकं जाणं अवघड झालं. तीन वर्षं गेली.

मध्ये एकदा भाजी मंडईत सर समोर आले. मी मान वळवायच्या आत त्यांनीच हाक मारली. विचारलं, "टाकी कशी आहे?" एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची खुशाली विचारावी, तसं. मी म्हणालो, "ठीक आहे." ते म्हणाले, "उन्हात जास्त ठेवू नका." आणि मेथीची जुडी पिशवीत ठेवून निघून गेले. शेवटची भेट ती.

दहा दिवसांपूर्वी सर गेले. परवा प्रज्ञाचा फोन आला. "काका, शोकसभेत तुम्ही बोला. बाबांचे रविवारचे मित्र म्हणून." मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि बसून राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? त्यांच्या घरी जा."

काल गेलो. वहिनींसमोर बसलो. प्रज्ञाही होती. सगळं सांगितलं. लग्नाचं, नळाचं, सोड्याच्या पुड्याचं. मला वाटलं होतं, यांना धक्का बसेल.

वहिनी म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक आहे."

मी म्हणालो, "कसं?"

"फोड जोडावर आलेले बघितले तेव्हाच त्यांना कळलं. सोड्याचा पुडाबी फळीवर तसाच होता, न फोडलेला. त्या रात्री मला म्हणले, देशमुखांनी धुतलं नाय."

"मग सर बोलले का नाहीत? सगळ्यांसमोर मला खोटं पाडता आलं असतं."

वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "मीबी तेच भांडले त्यांच्याशी. ते म्हणले, मी सांगून काय उपयोग? माझं कोण खरं मानतंय तिथं? त्यांचं त्यांनी सांगायला पाहिजे. येतील एक दिवस. असं म्हणून ते दोन-तीन रविवार सकाळी आंघोळ करून शेडमध्ये जाऊन बसायचे. चहा दोन कप करायला सांगायचे. मग बंद केलं."

प्रज्ञा म्हणाली, "काका, त्यानंतर बाबांनी एकही टाकी रंगवली नाही. शेडला कुलूप लावलं. मी विचारलं की म्हणायचे, हात थरथरतो आता. हात थरथरत नव्हता त्यांचा. माझ्या पोरीला रांगोळी काढून द्यायचे, एक रेघ हलायची नाही."

मी हात जोडले. म्हणालो, "मला माफ करा." तेव्हा वहिनींनी माझ्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी माफी मागू नका. मला मागून तुमचं बरं होईल, त्यांचं काय? ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर सांगा. उद्या सगळे येणारेत."

म्हणून सांगतोय. सगळे आलेले आहेत.

तर ऐका. खरात सरांच्या कामात चूक नव्हती. टाकी मी धुतली नव्हती. सरांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा खोटं बोललो. मग चारचौघांत त्यांना कमी लेखलं. आणि जेव्हा त्यांच्या जातीवर बोट ठेवलं गेलं, तेव्हा मी हसलो. सरांच्या हातात अजून कितीतरी वर्षांचं काम होतं. ते माझ्यामुळं थांबलं. त्यांच्या हातात दोष होता म्हणून नाही.

हे सांगून माझं मन हलकं झालं असं मी म्हणणार नाही. झालेलं नाही. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं, ते नाहीत. त्यांनी तीन वर्षं वाट बघितली आणि मी बोललो ते सर गेल्यावर. याला कबुली म्हणावं की भित्रेपणा, हे तुम्ही ठरवा. आमच्या रविवारच्या मंडळींना एकच सांगतो. आज घरी जाताना मला धीर देऊ नका. "जाऊ दे, देशमुख, होतं असं," म्हणू नका. ते वाक्य आपण एकमेकांना फार वेळा म्हटलंय.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू. मी सरांना श्रद्धांजली वाहण्याच्या लायकीचा नाही, म्हणून ती तुम्ही वाहा. मी नुसता उभा राहतो.

त्याआधी एक राहिलं. इतकी वर्षं रस्त्यात, शेडमध्ये, मंडईत, सर भेटले की आधी तेच म्हणायचे, "जय भीम, देशमुख साहेब." आणि मी दर वेळी "नमस्कार" म्हणायचो. चुकून नाही, ठरवून म्हणायचो. त्यांनी कधी त्याबद्दल विचारलं नाही.

खरात सर, जय भीम.