नर सापडला तो ओढा

(अंधेरीतल्या एका कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. दुपार. वनमाला इथूनच निवृत्त झालेल्या लॅब मदतनीस. सुशांत त्यांच्या डोळ्यांदेखत विद्यार्थ्याचा प्राध्यापक झालेला.)

वनमाला : नाही नाही, मोठ्यानं वाच. सकाळी साहेबांनी भर सुनावणीत वाचलं तसं.

सुशांत : मावशी, आधी बसा तरी. चहा सांगतो.

वनमाला : चहा नको. तुझ्या संशोधनाच्या पेपरातली, नमुना कुठे मिळाला ती ओळ.

सुशांत : ...'आंबोली, जिल्हा सिंधुदुर्ग. जंगलातला ओढा.'

वनमाला : झकास. आंबोलीला मी शेवटची गेले ती नणंदेच्या लग्नाला. तेव्हा जंत पकडले नव्हते, एवढं पक्कं आठवतंय.

सुशांत : तुम्ही हा पेपर सुनावणीत नेलात?

वनमाला : मग काय पूजेला ठेवू? आमच्या मुलुंडच्या ओढ्यावर स्लॅब टाकतायत. पालिकेचे साहेब म्हणाले, तिथं जपण्यासारखं काय आहे ते कागदावर दाखवा. मी म्हटलं, आहे ना! घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा जंत, जगात दुसरीकडे कुठे नोंद नाही, आमच्या सुशांतसरांनी छापलंय. गल्लीतल्या अकरा बायका घेऊन गेले. राधा तर ठेवणीतली साडी नेसून आली.

सुशांत : अरे देवा.

वनमाला : साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "आजी, गावाहून बाटलीत भरून आणलात का?" अकराच्या अकरा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

सुशांत : आधी मला एक फोन करायचात ना!

वनमाला : आणि काय विचारू, मुलुंड अजून मुलुंडलाच आहे ना? तू पाया पडून कॉपी दिलीस. मला इंग्रजी कितीसं येतं? आभाराच्या पानावर माझं नाव शोधलं आणि कपाटात ठेवली.

सुशांत : ऐका. माझ्याकडे नमुने गोळा करायची परवानगी होती ती आंबोलीची. तुमच्या ओढ्यात जिथे हे जंत सापडले, तो भाग जंगलखात्याच्या हद्दीत येतो. तिथली परवानगी काढायला वर्ष गेलं असतं, तोवर दुसऱ्या कुणी छापलं असतं तर? मी फक्त ठिकाण बदललं. जनावर तर खरं आहे ना? मापं, फोटो, कातडीवरची नक्षी, सगळं खरं.

वनमाला : जनावर खरं असणारच. ते मी पकडलंय. पहिल्या दोन पावसाळ्यांत आणलेल्या बाटल्या बघून काय म्हणाला होतास?

सुशांत : ...सगळ्या माद्या आहेत म्हणालो.

वनमाला : "मादीवरून प्रजाती ठरत नाही मावशी, नर हवा, शेपटीला दोन फाटे असलेला." म्हणून तिसऱ्या वर्षी पिठाची चाळण घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिले. रातकिडा पाण्यात उडी मारतो आणि त्याच्या पोटातून हे निघतं, एवढं ऐकल्यावर सुनेनं ती चाळण पुन्हा घरात घेतली नाही.

सुशांत : मी विसरलोय का ते?

वनमाला : मग एवढंच कर. साहेबांना पत्र दे की नर मुलुंडचा. गुरुवारपर्यंत थांबतो म्हणालेत.

सुशांत : तसं पत्र दिलं तर पेपर मागे घ्यावा लागेल. विनापरवानगी पकडला म्हणून चौकशी लागेल. माझी, आणि तुमचीही.

वनमाला : माझी लागू दे. मी कबूल करते. तू फक्त खरं लिही.

सुशांत : पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन आहे, मावशी.

वनमाला : हां. आता कसं सरळ बोललास. मग पत्र राहू दे, नराची बाटली दे. आत माझी पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आहे. ओढा, तारीख, पाणी किती होतं, सगळं. तीच दाखवते साहेबांना.

सुशांत : चिठ्ठी आहे बाटलीत. नवी.

वनमाला : नवी असू दे. जुनी?

सुशांत : नवी नीट छापलेली आहे, मावशी.

वनमाला : सुशांत, जुनी कुठाय?

सुशांत : काढून टाकली.

वनमाला : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतास. बेडकाच्या बाटलीतली फाटकी चिठ्ठी काढायला गेलास, तेव्हा मी हातावर चापट मारली होती. काय सांगितलं होतं?

सुशांत : फाटली, कुजली, तरी जुनी काढायची नाही. नवी तिच्या सोबत टाकायची.

वनमाला : पाठ आहे की! मेल्या, पेपरात खोटं लिहिलंस ते घाबरून, असं मी येताना स्वतःला समजावत होते. पण बाटली उघडायची, जंताला धक्का न लावता चिमट्यानं माझं अक्षर तेवढं उचलायचं, हे घाबरलेल्या हाताचं काम नाही. चिमटा धरायला मीच शिकवलाय.

सुशांत : मावशी, प्रजातीला नाव तुमचं दिलंय. तेवढं तरी बघा. जगात कुणीही याच्यावर लिहिलं, तर वनमाला लिहिल्याशिवाय सुटका नाही.

वनमाला : ते काढ.

सुशांत : नाही काढता येत. एकदा छापलं की कायमचं, नियमच आहे तसा. मी मेलो तरी कुणी बदलू शकत नाही.

वनमाला : आणि ठिकाण?

सुशांत : कुणी काही बोललं नाही, तर तेही तसंच राहील.

वनमाला : मी बोलले तर?

सुशांत : ...तुमच्याकडे कागद काय आहे, मावशी?

वनमाला : बरं. खाली बायका थांबल्यात. त्यांना सांगते, आपल्या ओढ्यात काही नव्हतं. कागदावर वनमाला आंबोलीची.