काळी बाहेर ठेव

बीअरचं ज्ञान माझ्यापुढे पाजळू नका. मला ते कोणी शिकवलं, ते आधी ऐका.

कॉलेज सोडून मी घरी बसलो होतो. बाप विणकर, वर भजनी मंडळाचा पुढारी. "दारूले हात लावला तर या घरात पाय नाही ठेवायचा," हे त्याचं रोजचं. अशात माझा दोस्त सुध्या कामठीच्या लष्करी छावणीतल्या एका जवानाकडून दोन बाटल्या घेऊन आला. एक पिवळी बीअर, एक काळी. चांगली कोणती, यावर आम्ही तासभर भांडलो. चाखली दोघांनीही नव्हती. मे महिना, आणि फ्रिज कोणाकडे? मागाखाली पाय सोडायचा खड्डा तेवढा गार. ओल्या फडक्यात गुंडाळून तिथे ठेवल्या.

दुपारी हमखास झोपणारा बाप नेमका त्या दुपारी मागावर बसला. पाय खाली गेले आणि काच वाजली. त्याने दोन्ही बाटल्या वर काढल्या. सुध्या पळाला. मी मनातल्या मनात कपडे बांधायला घेतले.

बापाने पिवळी परत खड्ड्यात ठेवली. काळी माझ्यासमोर ठेवली.

"काळी इतकी ठंडी नाही करत बे. चव मरते तिची."

"बाबा, तुम्हाले कसं माहीत?"

"छावणीत चादरी विकाले कोण जात होतं, तुहा आजा?" म्हणाला, आणि धोटा फेकून पुढे विणू लागला.

वीस वर्षं या माणसाने मला उपदेश केले. कामाचा निघाला तो एवढाच. आता बाप नाही. खड्डा बुजवला, त्यावर फ्रिज उभा आहे. काळी मी त्यात ठेवत नाही.